पॅरोलचे माहेर

आमच्याकडे कोणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणायचे, आणि घरातल्या माणसाने 'या' म्हणायचे. तीन वर्षांच्या मुलालाही हे शिकवावे लागत नाही. आमचे इंग्रजीचे सर मात्र जन्मभर 'जातो' म्हणत आले. लग्नघरातून निघताना 'जातो', बाळंतिणीचे मूल पाहून निघताना 'जातो', आजाऱ्याच्या उशाशी तासभर बसून उठताना 'जातो'. बायका दचकत. एखादी म्हातारी मागून सांगे, "मास्तर, येतो म्हना." सर दारात वळून नम्रपणे म्हणत, "पुन्हा येईन की नाही हे मला ठाऊक नाही, आजी. ठाऊक नसताना येतो कसं म्हणू?" आणि उंबरा उतरत.

त्यांना जाऊन महिना झाला. लोक अजून मला रस्त्यात थांबवून त्यांच्या गमती सांगतात आणि हसतात. मीही हसतो. पण बेचाळीस सालच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या घरात जे घडले ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते आठवले की हसू तिथेच थांबते. तेव्हा बसलेला धक्का चार वर्षांत उतरलेला नाही. गेल्या महिन्यात त्यात एक भर पडली. म्हणून हे सारे एकदा लिहून काढायचे ठरवले.

मी जळगावच्या शाळेत त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिक्षक झालो. शुक्रवारपर्यंत ते मला 'अरे' म्हणत होते. सोमवारी मी मास्तर म्हणून वर्गात शिरलो, त्या दिवसापासून 'अहो' म्हणू लागले. पुन्हा कधी 'अरे' म्हणाले नाहीत. मला ते फार दिवस लागून राहिले होते.

उंचीने बेताचे, अंगात गळाबंद कोट, डोक्याला काळी टोपी, पायात लाल कातड्याचा जोडा. काखेत एक वही असे. किराणा दुकानात असते तशी लांबट, लाल खारव्याच्या बांधणीची. ती बाजारातल्या मारवाडी शेठकडून विकत घेतलेली. शेठने एकदा विचारले, "मास्तर, आपण कसला व्यापार करता?" सर म्हणाले, "मी भाट आहे." शेठला वाटले थट्टा केली. पण ते खरेच होते. भाट जसा चार-पाच वर्षांनी गावात येतो, ओट्यावर बसतो आणि वही उघडून सांगतो की तुमचा खापरपणजा अमक्या गावचा, त्याची बायको तमक्या घरची, तसे सर इंग्रजी शब्दांचे करीत. प्रत्येक शब्दाला एक पान. वर शब्द, खाली त्याचे माहेर, त्याखाली आजोळ. माहिती येई ती एका जाड कोशातून. कापसाच्या पेढीवरचा एक गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात तो त्यांनी घेतला होता. लोकांनी खुर्च्या घेतल्या, हंड्या घेतल्या. सरांनी तो पाठीची बांधणी सुटलेला कोश डोक्यावर घेऊन भर बाजारातून घरी आणला.

"इंग्रजी ही मोठ्या घराण्यातली सासू आहे," ते वर्गात सांगत. "तिच्या घरात निम्म्या सुना फ्रान्सच्या. दोन-तीनशे वर्षं नांदल्या की सासरच्या होऊन जातात, कोणी त्यांना माहेर विचारत नाही. आपण विचारायचं. माहेर विचारलं की सून जरा मोकळी बोलते."

त्यांच्या पत्नीला आम्ही सारे अक्का म्हणत असू. त्या चोपड्याकडच्या. घरात, दारात, विहिरीवर त्या खानदेशीच बोलत. सर पुस्तकी मराठीत बोलत, त्या त्यांच्या बोलीत उत्तर देत, आणि हा संसार तीस वर्षे असाच चालला होता. एकदा मी जेवायला होतो. कळण्याची भाकरी आणि भरीत वाढता वाढता अक्का मला म्हणाल्या, "बठ्ठा शब्देस्नं माहेर यास्ले सापडस. मन्हं माहेर चोपडाले शे, ते मातर चार वरीसपाइन सापडी नही राह्यनं."

सर घास हातात धरून थांबले. म्हणाले, "पुढच्या सुटीत जाऊ असं म्हणायला हरकत नाही, पण शब्द देत नाही."

"ल्या," अक्का माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "शब्द देनार नही. शब्द काय तुमना बापना शे?"

सर खूप वेळ हसत होते. पण दिला नाही तो नाहीच. सुटी लागली तेव्हा दुसऱ्याच दिवशी दोघे चोपड्याच्या मोटारीत बसलेले मी पाहिले.

त्यांचे असेच होते. लग्नाचे आमंत्रण दिले तर म्हणत, "बघू." आणि मांडवात सगळ्यांच्या आधी हजर. गल्लीतल्या शिंप्याशी त्यांचे यावरूनच वाजे. तो म्हणे, "उद्या कोट देतो, मास्तर." सर म्हणत, "उद्या म्हणू नका. बघतो म्हणा. आठ दिवसांनी दिलात तरी मी रागावणार नाही." शिंपी म्हणे, "शिंप्यानं उद्या म्हटलं नाही तर गिऱ्हाइकाला वाटेल हा शिंपीच नव्हे." लोक म्हणत, मास्तर मोठा चिकट माणूस, तोंडचा शब्दसुद्धा सुटत नाही.

त्याचे कारण मला शाळेत असतानाच कळले होते. कळले म्हणजे कानावर पडले होते.

आमच्या क्रमिक पुस्तकात लढाईचा एक धडा होता. त्यात पकडलेल्या एका सरदाराला 'पॅरोल'वर सोडले असे वाक्य होते. सरांनी पुस्तक मिटले. त्यांनी पुस्तक मिटले की आम्हाला आनंद होई, कारण धडा पुढे सरकत नसे.

"ह्या शब्दाचं सासर आज तुरुंगात आहे," ते म्हणाले. "माहेर फ्रान्स. आणि माहेरी ह्याचा अर्थ काय? सुटका? जामीन? रजा? यातलं काही नाही. माहेरी ह्याचा अर्थ फक्त 'शब्द'. तोंडानं बोललेला शब्द. शत्रूनं पकडलेला शिपाई म्हणायचा, मला घरी जाऊ द्या, मी पळणार नाही, अमक्या दिवशी परत येईन. आणि शत्रू त्याला सोडायचा. दोरी नाही, बेडी नाही, मागे पहारेकरी नाही. त्याला बांधलेलं असायचं ते त्याच्याच शब्दानं. ज्यानं ही पद्धत पहिल्यांदा काढली त्याच्याकडे बेड्या नव्हत्या असं समजू नका. बेड्या भरपूर होत्या. तरी त्याला शब्द जास्त मजबूत वाटला."

मग ते आजोळाकडे वळले. फ्रेंचच्या आधी लॅटिन, लॅटिनच्या आधी ग्रीक. तिथे त्याचा अर्थ एका वस्तूशेजारी दुसरी ठेवून पाहणे, म्हणजे दृष्टांत. "दृष्टांत सांगता सांगता त्याचं बोलणं झालं, बोलण्याचा शब्द झाला. आणि पार्लमेंट ह्याच्याच भावकीतली. तिचं मूळ नुसतं बोलणं. बघा नशीब कसं असतं. बोलणं मोठ्या घरी पडलं, आणि शब्द तुरुंगात."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, मग आपलं पारोळं गाव?"

"पारोळ्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही," सर जराही न हसता म्हणाले. "आवाज सारखा म्हणून सोयरीक जोडू नये. खाली बस."

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. हा शब्द पुढे माझ्या इतक्या जवळून जाईल असे कोणाला वाटले असते?

बेचाळीसच्या ऑगस्टनंतर शाळा धड भरत नव्हती. एका दुपारी सर शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेले, तर मागच्या खोलीत पाच मुले पत्रके छापत होती. बंदी असलेली. मुले घाबरून रडकुंडीला आली. सर म्हणाले, "मी कोणाला तुमची नावं सांगणार नाही." तीस वर्षांत कोणालाही शब्द न देणाऱ्या माणसाने पाच पोरांना उभ्या उभ्या शब्द दिला.

पत्रके गावात फिरली. पोलीस शाळेत आले. फौजदार वाईट माणूस नव्हता. त्याचा मुलगाही आमच्याच शाळेत होता. हेडमास्तरांच्या खोलीत त्याने सरांना विचारले. मी तिथे होतो.

"पत्रकं शाळेत छापली गेली. आपण पाहिलं का?"

"पाहिलं."

हेडमास्तरांच्या हातातला टाक खाली पडला.

"कोण होते?"

"ते सांगणार नाही. शब्द दिला आहे."

फौजदाराने दाराकडे पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तर, पाहिलंच नाही असं म्हणा की. मी लिहून घेतो आणि जातो."

"पण पाहिलं ना," सर म्हणाले.

 एका 'नाही'ने सारे मिटत होते. मुलेही वाचत होती आणि तेही. त्यांनी मुलांना वाचवले आणि स्वतः धुळ्याच्या तुरुंगात गेले, मुदत न ठरवता. पुढे त्या पाचांपैकी दोन मुले माझ्यापाशी येऊन रडली. 

तुरुंगात त्यांचे काय चालले होते ते मला ठाऊक नाही. इकडे चारच महिन्यांत अक्कांनी अंथरूण धरले. छातीत पाणी झाले. धाकटी बहीण चोपड्याहून सेवेला आली. डॉक्टर म्हणाले, "मास्तरांना बोलावून घेता आलं तर घ्या." मी अर्ज केला, हेलपाटे घातले, आणि सात दिवसांचा पॅरोल मिळाला. जामीन मी राहिलो. ते वेळेवर परतले नाहीत तर मला आत जायचे होते.

त्यांना आणायला मी धुळ्याला गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने छापील कागद पुढे केला. सरांनी तो दोनदा वाचला, सही केली, आणि कागद परत देताना म्हणाले, "आपण सही घेतली. शब्द मागितला नाहीत."

"म्हणजे?" अधिकारी म्हणाला.

"वर लिहिलंय ना पॅरोल. म्हणून विचारलं." मग ते सरळ उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "पुढच्या गुरुवारी सूर्यास्ताच्या आत परत येईन."

अधिकारी माझ्याकडे पाहू लागला. मी मान खाली घातली. मला त्या वेळी लाज वाटली होती.

ते सात दिवस सर अक्कांच्या खाटेजवळून हलले नाहीत. वही उघडली नाही, कोश उघडला नाही. डाळिंबाचे दाणे काढून एकेक भरवीत. अक्कांना बोलताना धाप लागे, तरी बोलत. एकदा म्हणाल्या, "तुरुंगमा काय खातस?" सर म्हणाले, "भाकरी. पण तुझ्या हातची नाही." अक्का म्हणाल्या, "मंग सरकारनी बराबर शिक्षा दिनी."

मंगळवारी डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले की आता दोन दिवस, फार तर तीन. मी तसाच तारऑफिसात गेलो आणि मुदत वाढवण्यासाठी तार केली. बुधवारी उत्तर नाही. गुरुवारी सकाळपर्यंत उत्तर नाही. धुळ्याची मोटार साडेदहाला सुटायची. लढाईमुळे पेट्रोल नव्हते, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत, आणि चढ आला की उतारूंना उतरून ढकलावे लागे. ती मोटार चुकली तर सूर्यास्त चुकला.

मी म्हणालो, "सर, उत्तर आज नाही तर उद्या येईलच. एक दिवस थांबा. जामीन मी आहे. मला आत टाकलं तरी हरकत नाही."

"तुम्हाला टाकतील म्हणून मी जात नाही," ते म्हणाले.

"मग कशासाठी?"

"मी गुरुवार म्हटलं होतं. उत्तर येईपर्यंत असं म्हटलं नव्हतं."

अक्कांची बहीण पदर तोंडात धरून भिंतीला टेकली होती. गल्लीतले दोघे-चौघे दारात जमले होते. शिंपी आत येऊन म्हणाला, "मास्तर, ही कोणती सत्यवादीपणाची वेळ? तिकडे दाराशी कोणी तुमची वाट पाहत बसलं नाही."

सर वळले. खाटेजवळ गेले. अक्कांचे डोळे मिटलेले होते, श्वास वरच्या वर चालला होता. सर वाकले, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "येतो."

मी सरांना वीस वर्षे ओळखत होतो.  कुठल्याही कोर्टात, कुठल्याही देवळात त्यांनी हा शब्द काढला नसता. ते वळले आणि बाहेर ओट्यावर गेले. जोडा घालायला बसले असावेत.

तेवढ्यात अक्कांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहून विचारले, "काय म्हनात?"

"येतो म्हणाले, अक्का."

त्या छताकडे पाहत राहिल्या. "येतो म्हनात?"

"हो."

मग त्यांनी मान दाराकडे वळवली. तीस वर्षांत 'जातो'ला त्यांनी कधी उत्तर दिले नव्हते. 'जातो' म्हणणाऱ्याला 'जा' कोण म्हणेल? आता त्या दाराकडे पाहून म्हणाल्या, "या." आवाज बेताचाच होता. मग मला म्हणाल्या, "त्यास्ले सांगजो. मी या म्हनं."

"सांगतो."

"शब्द दे."

"शब्द देतो, अक्का," मी म्हणालो.

मी बाहेर आलो तर ओटा रिकामा. सर गल्लीच्या टोकाशी पोहोचले होते. माझ्या आधी बाहेर गेलेला शिंपी कपाळाला हात लावून म्हणाला, "घ्या. एक जोडा पायात अन् एक हातात. असा चाललाय माणूस." दुःखाच्या दिवशीही दोन माणसे हसली. मीही तो त्यांचा नेहमीचा विक्षिप्तपणा समजलो. परत आले की सांगू, असे म्हणून आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तार आली. मुदत आठ दिवसांनी वाढवली होती.

तो कागद हातात धरून मी ओट्यावर बसलो.  मग उठलो आणि पुढच्या मोटारीने धुळ्याला गेलो. अधिकारी तोच होता. त्याने तार वाचली आणि घडी घालून परत दिली.

"ही मुदत बाहेर असलेल्या माणसाला वाढवून दिली आहे," तो म्हणाला. "ते तर आत आहेत. आत आलेल्या माणसाची रजा संपते. पुन्हा नवा अर्ज लागेल." मग म्हणाला, "काल सूर्यास्ताला चांगला अवकाश होता. दारात उभे राहिले, आणि मला पाहून म्हणाले, 'आलो.' माझ्या नोकरीत मला असं कोणी म्हटलं नाही."

त्या दिवशी भेट होऊ शकत नव्हती. नवा अर्ज त्याने स्वतः बसून लिहून दिला. अक्कांचा निरोप माझ्यापाशीच राहिला.

डॉक्टरांनी दोन दिवस म्हटले होते. सर गेल्यानंतर अक्का बारा दिवस राहिल्या. ते दिवस मला आठवू नयेत असे वाटते. अन्न नाही, धड झोप नाही, नुसता श्वास. दारात पाऊल वाजले की डोळे उघडत. बहीण एकदा न राहवून म्हणाली, "अक्का, जीव नको आडकाडू. सुटी जाय." अक्का म्हणाल्या, "येतो म्हनी गयात ना ते." डॉक्टर नाडी धरून बसत आणि माझ्याकडे पाहत. एका शब्दावर माणूस किती दिवस तगू शकते हे पाहून मी आतून हादरलो होतो. सर तो शब्द न देता गेले असते तर बरे झाले असते, असेही माझ्या मनात आले. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेले नाही.

सोमवारी कळले की दुसरी रजा मंजूर झाली, बुधवारी निघतील. मी अक्कांना सांगितले. त्यांनी मान हलवली. मंगळवारी दुपारी त्या गेल्या.

मी तार केली नाही. आजारी पत्नीला भेटण्याची रजा, आणि पत्नी नाही असे कळले तर ते निघणारच नाहीत, एवढे मी त्यांना ओळखत होतो. बुधवारी सकाळी अक्कांच्या भावाने अग्नी दिला. दुपारी मी मोटार स्टँडवर उभा होतो. सर उतरले, माझ्या तोंडाकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता चालू लागले. मी मागोमाग निघालो.

खाट भिंतीशी उभी केली होती. तिच्या जागी पीठ पसरून दिवा ठेवला होता. सर उंबऱ्यात थांबले. टोपी काढली. रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाले, "आलो."

मग जमिनीवर बसले. विचारले, "केव्हा?"

"काल दुपारी."

"काय म्हणाली?"

तो निरोप माझ्या जिभेवर होता. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "चारची मोटार आहे ना धुळ्याला?"

मला वाटले मी चुकीचे ऐकले. "सर, आठ दिवस आहेत तुम्हाला."

"आजाऱ्याला भेटायला दिलेत. आजारी कोणी नाही."

अक्कांचा भाऊ अंगणातून आत आला. डोळे लाल झालेले. "उद्या राख सावडनी शे," तो म्हणाला. "तेबी थांबनार नहीत?" सरांनी नकारार्थी मान हलवली. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "हाऊ मानूस शे का धोंडा?"

मलाही तेच विचारायचे होते. आणि त्या क्षणी मी ठरवले की अक्कांचे 'या' या माणसाला मिळू द्यायचे नाही. त्याची लायकी नाही. मी ते मुद्दाम, जाणूनबुजून गिळले. मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द मी असा मोडला, तोही सरांच्याच घरात, त्यांच्याच समोर.

ते चारच्या मोटारीने गेले. निघताना 'जातो' म्हणाले. मृताच्या घरातून निघताना येतो म्हणायचे नसते. त्या दिवशी त्यांचे 'जातो' पहिल्यांदा रीतीला धरून होते.

दीड वर्षाने ते सुटून आले. त्याच घरात एकटे राहू लागले. शाळेने परत घेतले नाही. घरी दोन-चार मुलांना शिकवत. लोक पुन्हा त्यांच्या गमती सांगू लागले. मी कर्तव्य म्हणून जाई, थोडे बसे, उठे. त्यांनी अक्कांच्या शेवटच्या दिवसांबद्दल मला पुन्हा एकदाही विचारले नाही, आणि ते विचारीत नाहीत याचाही मी त्यांच्यावर राग धरला. कधी बोलता बोलता ते थांबत आणि माझ्याकडे पाहत राहत. मी विषय बदलत असे.

यंदा उन्हाळ्यात त्यांचा दम वाढला. मी शाळा सुटल्यावर रोज जाऊ लागलो. ते फार वाळले होते. लाल वही उशाशी होती, पण वाचवत नव्हते. एका संध्याकाळी त्यांनी मला 'पॅरोल'चे पान काढायला सांगितले. शब्द, माहेर, आजोळ, सारे त्यांच्या वळणदार अक्षरात होते. खाली अर्धे पान कोरे होते. मी ते वाचून दाखवले आणि वही मिटली. मी म्हणालो, "सर, एक सांगायचं राहिलंय. त्या गुरुवारी तुम्ही येतो म्हणालात. अक्का जाग्या झाल्या. दाराकडे पाहून या म्हणाल्या. तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. मी शब्द दिला होता."

त्यांनी डोळे मिटले होते. "ऐकलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"ओट्यावर होतो. एक जोडा घातला होता. तिचं 'या' ऐकू आलं." ते श्वास घ्यायला थांबले. "दुसरा घालायला बसून राहिलो असतो तर उठलो नसतो."

मला गल्लीच्या टोकाशी चाललेली ती पाठ दिसली. हातात जोडा. आणि आम्ही हसलो होतो.

"मी शब्द दिला तेही ऐकलंत?"

"हो."

"मग चार वर्षांत एकदाही विचारलं का नाही?"

"दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली की तो तगादा होतो," सर म्हणाले. "तुम्ही सांगाल हे ठाऊक होतं. उशीर झाला, एवढंच."

मला तिथे बसवेना. उठलो. निघताना तोंडात येते तेच आले. "येतो, सर."

त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ये."

दुसऱ्या दिवशी कापसाच्या जिनचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत मी त्यांच्या गल्लीत पोहोचलो. दार उघडे होते. शिंपी डोके उघडे करून ओट्यावर बसला होता. मला पाहून तो बाजूला सरकला. उंबऱ्याच्या बाहेर लाल जोडा होता, दोन्ही पाय शेजारी शेजारी नीट लावलेले.

मी माझ्या वहाणा त्याच्याजवळ काढल्या, उंबऱ्यात उभा राहिलो आणि आत पाहून म्हणालो, "आलो."